घरगुती बेकरी: ओट्यावरून गाळ्यात जावं का?

पीठमीठ
नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहिते क्वचित. आज गरज पडली म्हणून धागा काढतेय, हे आधीच कबूल करते.

आम्ही कोथरूडला राहतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी केलं तेच मीही केलं, म्हणजे केक. बाकीच्यांचा उत्साह पावसाळ्यापर्यंत ओसरला, माझा टिकला. शेजारच्या विंगमधल्या आजोबांच्या पंचाहत्तरीचा केक, मग त्यांच्या नातीचा, मग तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचा. त्या दिवाळीत सासूबाईंनी नानकटाई केली, ती मी केकच्या गिऱ्हाइकांना चार-चार वाटली आणि तिथून गाडी सुटली. आता नवरा ऑफिसच्या आधी आणि नंतर स्कूटरवरून पोचवतो, लेक इन्स्टाग्राम बघते. ओव्हन एकच, ४० लिटरचा ओटीजी.

गेल्या दिवाळीत ६० किलो नानकटाईची ऑर्डर होती. आठ दिवस घरात बसायला जागा नव्हती. दिवाणावर वर्तमानपत्रं, त्यावर नानकटाई. सासूबाई खुर्चीत बसून झोपल्या. शेवटच्या दिवशी मी चार लोकांना नाही म्हटलं आणि नवरा म्हणाला, आता गाळा घ्यायचा. कर्वेनगरला १८० चौरस फुटांचा बघून आलाय, भाडं २२ हजार, अनामत दीड लाख. सासूबाई म्हणतात, घरातलं घरात बरं आहे. लेक म्हणते, दोघंही चूक, क्लाउड किचन करा. क्लाउड किचन म्हणजे नेमकं काय, हे तिलाही नीट सांगता येत नाही.

कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. झालेल्या फजितीसकट.

मधलीसुट्टी
आधी नानकटाईचा नमुना पाठवण्यात यावा, मग सल्ला देण्यात येईल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

भट्टीवाला
ताई, मी बेकरीची यंत्रं दुरुस्त करतो, त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे. घोडं अडलंय कुठे? ओट्यावर, ओव्हनमध्ये, की माणसात? ओटीजीत एका वेळी किती नानकटाया बसतात आणि किती मिनिटं लागतात ते सांगा. गाळ्याचं नंतर बघू.

सदाशिव_खवचट
पुण्यात दुकान काढताय तर पहिला खर्च पाटीचा धरा. "दुपारी १ ते ४ बंद. बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही." बाकी माल काय ठेवायचा हा दुय्यम प्रश्न आहे.

पीठमीठ
@मधलीसुट्टी, रांगेत उभे राहा.
@भट्टीवाला, १६ बसतात, २० मिनिटं. किलोत साधारण ५० येतात, म्हणजे तीन घाणे, तासाला एक किलो. दोन ट्रे एकदम ठेवून पाहिले, वरचा करपतो आणि खालचा पांढराफटक राहतो.

भट्टीवाला
मग हिशोब तुमचा तुम्हीच केलात. ६० किलो म्हणजे ६० तास ओव्हन. आठ दिवसांत भागले तर रोज साडेसात तास, आणि मधे केक आले की सगळी रांग मागे. तुम्हाला गाळा कमी पडत नाहीये, ओव्हन कमी पडतोय. एक मजली डेक ओव्हन घ्या, दोन ट्रेचा. १६ बाय २४ इंचाच्या एका ट्रेवर पन्नासएक नानकटाया मावतात. म्हणजे २० मिनिटांत दोन किलो, तासाला सहा. ६० किलो दहा तासांत.

दोन गोष्टी मात्र आधी तपासा. विजेवरचा घेतलात तर मीटरचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, वायरिंग बघा, नाहीतर मिक्सर लावला की घर अंधारात. गॅसवरचा घेतलात तर घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक लागतो. तो सोसायटीच्या जिन्यातून वर चढताना दिसला की लगेच मीटिंग लागते.

जमाखर्च
व्यवसायाने सीए, त्यामुळे रसभंग करणं हे कर्तव्य समजतो.

ताई, तुम्ही किमती दिल्या नाहीत. आमच्या घरी अशाच एका ओळखीच्या ताईंकडून केक येतो, त्यावरून अंदाज करतो. किलोचा ट्रफल ९०० रुपये. चॉकलेट, क्रीम, बाकी सामान ४३०. खोकं, खालचा पुठ्ठा, मेणबत्ती, सुरी ६०. वीज आणि पेट्रोल धरून ६०. उरले ३५०. वेळ किती? बेक करणं, थंड करणं, थर लावणं, आयसिंग, आणि गिऱ्हाइकाशी व्हॉट्सअॅपवर चर्चा, सगळं मिळून चार तास तरी. तासाला नव्वद रुपयेसुद्धा पडत नाहीत. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी याहून जास्त घेतात, आणि त्यांना रात्री ११ वाजता कुणी "बेबी पिंक की पीच" असं विचारत नाही.

आता नानकटाई. किलोला ३०० ग्रॅम तूप धरलं तर तेच १९५ च्या घरात जातं. पीठ, साखर, चारोळी, वेलची, खोकं, वीज धरून ३०० पर्यंत. ५६० ला विकत असाल तर अडीचशे सुटतात, आणि ओव्हन तासभर चालला तरी हात तासभर अडकत नाहीत. म्हणजे ज्यावर तुम्ही फोटो काढता त्यात पैसे नाहीत, ज्यावर सासूबाई बसतात त्यात आहेत.

आता गाळा. भाडं २२, वीज ६, एक मदतनीस १४, झाले ४२ हजार. किलोमागे अडीचशे धरले तर महिन्याला १६८ किलो नानकटाई विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. दिवाळी सोडून इतर महिन्यांत किती जाते?

करांचं एवढं भ्यायचं कारण नाही. नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, आणि केक-बिस्किटांवरचा दरही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

पीठमीठ
तुमचा अंदाज ऐकून अंगावर काटा आला. दर बरोबर तेच आहेत. इतर महिन्यांत ३५ किलो जाते.

साखरपेरणी
@जमाखर्च, हा तासाचा हिशोब मला कधीच पटलेला नाही. मी पिंपळे सौदागरला सात वर्षं केक करतेय. पहिली दोन वर्षं तास मोजले असते तर ओव्हनच विकला असता. हात बसेपर्यंतची ती शिकवणी असते, तिची फी भरावीच लागते. आज तोच ट्रफल मी दीड तासात करते, कारण एका दिवशी चार करते. स्पंज आदल्या रात्री, क्रीम एकदाच फेटायचं, थर एका बैठकीत. सुटा केक घेतच नाही. "उद्या हवाय" म्हणणाऱ्याला शनिवार सांगते, दहातले सात जण थांबतात.

आणि पीठमीठ, फॉन्डंट, म्हणजे केकवरची ती साखरेच्या लगद्याची सजावट, करत असशील तर पावसाळ्यात बंद कर. घाम फुटतो त्याला. जुलैत मी केलेला एक फॉन्डंटचा गणपती संध्याकाळपर्यंत असा काही झाला की यजमानांनी आरती आधी उरकली.

जमाखर्च
@साखरपेरणी, दीड तास मान्य. पण मग तास मोजलेतच की तुम्ही!

साखरपेरणी
मोजले. तुमच्यासारखं बोलून नाही दाखवलं. (हलके घ्या.)

गाळेकरी_माजी
फजितीसकट सांगा म्हटलंय म्हणून लिहितो.

बायको आणि मी, दोघांनी २०२२ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला गाळा घेतला. घरून चार वर्षं छान चाललं होतं. उद्घाटनाला एवढी गर्दी झाली की आम्हाला वाटलं जिंकलो. नंतर कळलं, ते सगळे घरी येणारेच होते, फक्त त्या दिवशी एकदम आले. नवीन गिऱ्हाईक यायला सहा महिने लागले आणि भाडं पहिल्या महिन्यापासून लागलं.

घरी असताना ऑर्डर आली की करायचो. दुकान उघडलं की काच रिकामी चालत नाही. सकाळी बारा पेस्ट्र्या लावायच्या, रात्री सात उरायच्या. पहिला महिना आम्ही खाल्ल्या, दुसरा शेजाऱ्यांनी खाल्ल्या, तिसऱ्या महिन्यात वॉचमननेही हात जोडले. घरपोच देणाऱ्या एका अॅपवर नोंदवलं, तर त्यांचं कमिशन, वर त्यांची सवलत, तीही आमच्या खिशातून. मालाचे पैसे सुटले की आम्ही पेढे वाटायचो.

शेवट कशाने झाला ते सांगतो. मदतनीस मुलगा चांगला होता, वसुबारसेला गावी गेला तो तुळशीच्या लग्नानंतर उगवला. त्याच्यावर राग नाही, त्याचीही दिवाळी होती. पण दिवाळीत मालक भट्टीपाशी आणि मालकीणबाई गल्ल्यावर, मुलं आजीकडे, असं झाल्यावर बायकोने एका रात्री किल्ली टेबलावर ठेवली. चौदा महिने चाललं.

आता परत घरून करतो, सुखात आहोत. डेक ओव्हन तेवढा अजून पार्किंगमध्ये चादर पांघरून उभा आहे. आई त्यावर कुंड्या ठेवते.

भट्टीवाला
कुंड्यांना पाणी घालताय का त्यावर? दादा, कृपा करून आजच खाली उतरवा त्या.

मधलीसुट्टी
धाग्यातलं सगळ्यात करुण वाक्य: "वॉचमननेही हात जोडले."

निवृत्त_नारायणपेठी
या निमित्ताने आठवण झाली म्हणून लिहितो, विषयांतर वाटल्यास सोडून द्यावे.

आमच्या लहानपणी नानकटाई विकत कुणी आणत नसे. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर, साजूक तूप घरून मोजून डब्यात भरायचं आणि बेकरीत न्यायचं. तिथे आपल्या वस्तू आपल्यासमोर मळून, ट्रेवर थापून भट्टीत जायच्या, भाजणावळ तेवढी द्यायची. रांग गल्लीच्या तोंडापर्यंत. आई मला पहाटे पाचला पत्र्याचा डबा धरून उभं करायची आणि बजावायची, "ट्रेवरून नजर हटवू नकोस, आपलं तूप दुसऱ्याच्या नानकटाईत जाईल." मी दोन तास त्या ट्रेकडे बघत उभा. येताना डबा इतका गरम असायचा की शर्टाच्या टोकाने धरून आणायचा, आणि वाटेत दोन कमी व्हायच्या. घरी आल्यावर आई पहिल्यांदा मोजायची.

म्हणून सांगतो, पीठमीठताई, नानकटाईला पुण्यात जाहिरात लागत नाही. ज्याने तो डबा धरलाय तो वासावरून येतो.

सदाशिव_खवचट
काका, दोन कमी व्हायच्या की आईंच्या हिशोबात दोन?

निवृत्त_नारायणपेठी
आईच्या हिशोबात दोन.

वनस्पती_तूप
अवांतर: साजूक तुपाची नानकटाई छान लागते हे मान्य, पण खुसखुशीतपणा वनस्पती तुपानेच येतो. आणि चिमूटभर बेकरीचा, खाण्याचा अमोनिया. सत्य कटू असते.

साखरपेरणी
आला बाबा. आता धागा तीन पानं जाणार.

पीठमीठ
सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर जसंच्या तसं: "त्यांना म्हणावं, तूप आधी हाताने फेटा. पांढरं होऊन बोटावरून सुटेस्तोवर. अमोनिया त्यांनाच लागतो ज्यांचा हात दुखतो." खरंच, त्या परात मांडीत घेऊन पाऊण तास तळव्याने तूप फेसतात. मी हँड मिक्सरने करून पाहिलं, जमतं. पण त्या एक खाऊन सांगतात कोणता घाणा माझा आहे.

कोथरूडकर_काकू
पीठमीठ, गाळ्याचं राहू दे, तुझ्या सोसायटीचं काय? आमच्याकडे एकीने डबे सुरू केले तर वास येतो म्हणून अर्ज आला. व्हॅनिलाचा वास येतो म्हणून तक्रार करणारी माणसंही या जगात आहेत. मूळ दुखणं गेटवर येणाऱ्या पोरांच्या गाड्यांचं होतं. तिने फाटकाशी टेबल टाकून संध्याकाळी सहा ते सात एवढीच वेळ ठेवली आणि तक्रार करणाऱ्यांच्या घरी दर चतुर्थीला मोदक पाठवले. अर्ज मागे.

अन्नसुरक्षेची नोंदणी आहे ना? मी २०२१ मध्ये पापड-कुरडयांसाठी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, उलाढाल १२ लाखांच्या आत म्हणून. चौदा आकडी नंबर येतो, तो खोक्यावर हवा. आणि अंडं घालून केक करत असशील तर खोक्यावर तपकिरी त्रिकोण, बिनअंड्याला हिरवा ठिपका. एकाच ओव्हनमध्ये दोन्ही करतेस का? माझ्यासारखीला ते चालतं, माझ्या जावेला नाही चालत.

पीठमीठ
काकू, नोंदणी आहे. आणि आमच्या घरात अंडं येतच नाही, त्यामुळे सगळं बिनअंड्याचं. लेक बाहेर काय खाते ते मी विचारत नाही.

पेशवे_पार्कातला_ससा
ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ पासून आहे. श्रूजबेरी बिस्किटं संपली की संपली, गिऱ्हाईक उद्या येतं. कुणी त्यांना म्हटलं का गाळा वाढवा? "संपली" ही पाटी पुण्यात सगळ्यात भारी जाहिरात आहे. ताईंनी चार जणांना नाही म्हटलं त्याचं दुःख करू नये, ते चार या वर्षी सप्टेंबरमध्येच फोन करतील.

गाळेकरी_माजी
+१. आम्ही "संपली" म्हणायला लाजलो, तिथेच चुकलं.

जमाखर्च
एक मुद्दा कुणीच काढला नाही. माझ्या हिशोबात किलोमागे २५० सुटतात, त्यात सासूबाईंची मजुरी कुठे आहे? आणि स्कूटरवाल्या नवऱ्याची? डेक ओव्हन आणून ताशी सहा किलो म्हणजे तासाला ३०० नानकटाया थापायच्या. एकीला २० सेकंद धरले तरी एक माणूस तासाला १८० करेल. आत्ता सासूबाई ओव्हनची वाट बघतात, उद्या ओव्हन सासूबाईंची वाट बघेल. तेव्हा सासूबाईंना आधी विचारा.

पीठमीठ
हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. खरंच कुणी विचारलं नाही त्यांना. "आईंना आवडतं" असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

डहाणूकर_कट्टा
एक सुचवू का? आमच्या भागातली पोळीभाजी केंद्रं सकाळी सहापासून धडाक्यात चालू असतात, दुपारी दीडला ओटा धुतला की संध्याकाळपर्यंत शटर खाली. भाडं मात्र पूर्ण दिवसाचं भरतात. अशा एखादीशी बोलून बघा. दुपारचे तीन-साडेतीन तास, निम्म्याहून कमी भाडं. व्यावसायिक वीज आणि सिलिंडर तिथे आधीच असतात.

कोथरूडकर_काकू
कल्पना उत्तम. पण अन्नसुरक्षेची नोंदणी पत्त्याची असते. घरच्या नंबरावर तिथे नका करू, तो पत्ता नोंदवून घ्या. आणि करार कागदावर लिहा, ओळखीतली असली तरी. ओळखीतली असली तर दोनदा लिहा.

मधलीसुट्टी
@गाळेकरी_माजी, कुंड्या उतरवल्या का? भाव काय लावताय?

गाळेकरी_माजी
उतरवल्या. व्यनि केलाय ताईंना.

पीठमीठ
सव्वा महिन्याने येतेय, माफी असावी.

गाळा घेतला नाही. नवरा दोन दिवस रुसला, मग १६८ किलोचा कागद फ्रिजवर चिकटवला तेव्हा गप्प झाला. फॉन्डंट बंद. सुटे केक बंद, फक्त शनिवार, आणि खरोखर लोक थांबतात. साखरपेरणी, तुझे आभार.

डहाणूकर कॉलनीतच एक ताई मिळाल्या, पोळीभाजीवाल्या. दुपारी दीड ते पाच त्यांची जागा, महिना सात हजार, कागदावर. त्या पत्त्याची नोंदणी करून घेतली. गाळेकरी दादांचा ओव्हन भट्टीवाल्या दादांनी येऊन तपासला, थर्मोस्टॅट बदलला, वरच्या पत्र्यावर कुंडीचा गोल डाग आहे तो तसाच ठेवलाय.

आणि सासूबाईंना विचारलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मजुरी किलोला ५० ठरली, "उपकार नकोत, वहीत लिहा" म्हणाल्या. मग मी वेळ सांगितली, दीड ते पाच. त्या म्हणाल्या, "ते जमायचं नाही. १ ते ४ मी झोपते."

सदाशिव_खवचट
मातोश्रींना साष्टांग दंडवत. पाटी मी माझ्या खर्चाने करून देतो.

पीठमीठ
आता असं ठरलंय: मंगळवार आणि शुक्रवार. मी दीडला जाते, तूप मिक्सरने फेटते, पीठ चाळून ठेवते. नवरा चारला त्यांना स्कूटरवरून आणतो. त्या आल्या आल्या परातीत बोट घालून तूप बघतात, काही बोलत नाहीत, पुन्हा पाच मिनिटं तळव्याने फेसतात. मग आम्ही दोघी समोरासमोर बसून थापतो. त्या अंगठ्याने खळगा करतात आणि चारोळी आडवी दाबतात, माझी उभी बसते, म्हणून अजूनही ओळखू येते कुणाची कोणती. पाचला ओटा धुऊन किल्ली परत.

पहिल्या महिन्यात ५३ किलो झाली. वहीत तसं लिहिलं. सासूबाईंनी चष्मा लावून वही तपासली, ५३ खोडून ५४ केलं. "शुक्रवारचा तो शेवटचा घाणा धरला नाहीस," म्हणाल्या. खरंच धरला नव्हता.

जमाखर्च
त्यांना माझ्या ऑफिसात पाठवा.

मधलीसुट्टी
सगळं ठीक आहे. नमुना अजून आलेला नाही.